सात नंबरचा तुकडा

"मोजलं का?" कुठल्याही तक्रारीवर साहेबांचा पहिला सवाल हाच. ज्वारीवर नाकतोडे लय झालेत म्हणून सांगायला जावं, तर आमच्या शेतकी कॉलेजचे हे प्रिन्सिपॉल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उकिडवे बसायचे. लोखंडी कडं जमिनीवर टाकायचे आणि त्याच्या आतले किडे एकेक करून मोजायचे. असा प्रिन्सिपॉल तुम्ही पाहिला असेल तर सांगा, मी तरी दुसरा पाहिला नाही.

परभणीत सगळे त्यांना किड्यांचा साहेब म्हणत. मीही म्हणायचो, पाठीमागे. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, तेव्हा ते मुंबईकडून आले. मी कॉलेजच्या शेतावर जहागिरीच्या काळापासूनचा गुमास्ता. म्हणून शेत मलाच जास्त कळतं, ही माझी मिजास. एकूण तुकडे अकरा. आम्ही ते विहिरीकडून मोजायचो, साहेबांनी फाटकाकडून नवे नंबर पाडले. नकाशा माझ्या टेबलासमोर टांगला. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

विषाचा त्यांना तिटकारा. किडे खाणारे किडेही त्यात मरतात, असं मला अहो-जाहो करत समजावायचे. पण त्या भादव्यात वरून हुकूमच आला, की कोंडा, गूळ आणि विषारी पावडर कालवून नाकतोड्यांसाठी टाका. साहेबांनी दोन दिवस ते टाळलं. मग एकाच पडीक तुकड्यात, सात नंबरात, गवतातून स्वतःच्या हातानं ते टाकलं. मला बजावलं, मेंढ्या पाच नंबरातच बसवा.

रब्बीआधी लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या, ही आमची जुनी रीत. राणीसावरगावचा एक म्हातारा धनगर दरसाल यायचा. त्याला मी पाचवा तुकडा दाखवला. विहिरीकडून पाचवा. तोच फाटकाकडून सातवा, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

सकाळी जाऊन पाहतो तर सगळा कळप पोटं फुगून आडवा. एक-दोन मेंढ्या अजून पाय झाडत होत्या. म्हातारा रडतही नव्हता. साहेबांना एवढंच म्हणाला, "तुमच्या मानसानं दावलं तिथंच बसवल्या वो मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं, मलाही कळलं.

चौकशी बसली. साहेब ज्यांना आधीपासून नकोसे होते त्यांना आयतं निमित्त मिळालं, आणि साहेबांची खुर्ची जाते की राहते, एवढंच उरलं. म्हाताऱ्याला तर कुणी बोलावलंच नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, तुकडा कुणी दाखवला? घरी माझी चार लेकरं. मी खाली मान घालून बसलो, षंढासारखा.

साहेब म्हणाले, "नंबर मी बदलले. शेतावरच्या माणसांना विचारलं नाही. चूक माझी आहे."

खुर्ची गेली. त्यांना कुठल्याशा लांबच्या केंद्रावर, हाताखालच्या जागेवर धाडलं. एस.टी.च्या टपावर त्यांची ट्रंक मीच चढवली. आज कबूल करायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण त्यांनीच आधी विचारलं, "म्हातारा पुन्हा आला होता का हो?"

आला नव्हता. मी मान हलवली आणि गाडी सुटली. दोन-तीन सालांनी साहेब तिकडेच वारले.

माझी नोकरी मात्र सुखरूप पार पडली. निरोपाच्या सभेत नवे प्रिन्सिपॉल म्हणाले, की एवढ्या वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही. टाळ्या पडल्या. मी गळ्यात हार घालून, हात जोडून उभा राहिलो.