सुपडूनानांचे एकोणीस सेकंद

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तुरीच्या डाळीतले काळे दाणे वेगळे करणारे यंत्र आहे. त्याला सगळे सॉर्टर म्हणतात. गेली चार वर्षे ते सुपडूनाना नारखेडे चालवतात. वय अठ्ठावन्न, रोज असोद्याहून मोटारसायकलने येणे, आणि यंत्रासमोरची फिरती खुर्ची. त्या खुर्चीखेरीज मिलमध्ये बसायला फक्त पोती आहेत.

यंत्राला काही खुपले की पडद्यावर पिवळी पट्टी येते. तीत तक्रार आणि तिची वेळ लिहिलेली असते. तीन सेकंदांनी पट्टी जाते. नाना चष्मा लावेपर्यंत पडदा कोरा झालेला असे. न वाचलेल्या सूचनांपायी यंत्र दोनदा बंद पडले, तेव्हा मालक रवींद्रभाऊंनी सांगून टाकले की तिसऱ्यांदा पडले तर खुर्चीवर पोती शिवणारा दीपक बसेल आणि नाना पोती शिवतील. दीपक तेव्हापासून खुर्चीकडे बघून जाऊ लागला.

नानांनी यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मृणालीला बोलावून घेतले. तिने मोबाइलवर वेळ लावून त्यांना एक सूचना वाचायला दिली. घाई करू नका, असे तिनेच बजावले होते. खिशातून चष्मा काढायला सहा सेकंद, रुमालाने पुसायला पाच, वाचायला आठ. तिने पट्टीची मुदत एकोणीस सेकंद केली आणि एक पट्टी जाईपर्यंत दुसरी येणार नाही, रांगेत थांबेल, अशी सोय केली.

दुसऱ्या दिवशी नऊला यंत्र सुरू झाले. माल धुळीचा होता. यंत्र दर दहा सेकंदांनी कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ असल्याची तक्रार करी, आणि नाना प्रत्येक तक्रार एकोणीस सेकंद घेऊन वाचत. वाचली की काच पुसत. काच चकचकीत आहे, असे दीपकने सांगून पाहिले. लेखी आले आहे, असे उत्तर मिळाले.

नऊ बेचाळीसला यंत्राला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज बदलला. पडद्यावर धुळीचीच तक्रार होती. नानांनी लाल बटण दाबले.

रवींद्रभाऊ ऑफिसातून खाली आले. "नाना, हे तिसरं."

"पडलं नाही भाऊ, मी बंद केलं. कॉम्प्रेसर कण्हत व्हता."

भाऊंनी पडद्याकडे बोट दाखवले. तिथे कॉम्प्रेसरचे नाव नव्हते. दीपकने तोवर खुर्ची आपल्या उंचीला वर करून घेतली होती. नानांनी मृणालीला फोन लावला, ती आली आणि म्हणाली, सूचना रांगेत असेल, नंबर लागला की येईल. आपल्याच मिलमध्ये आपण रांगेत थांबणार नाही, असे भाऊ म्हणाले. पण चहा आला होता आणि गरम होता, म्हणून थांबले.

दहा सोळाला पट्टी आली. 'कॉम्प्रेसर तापला आहे. यंत्र बंद करा.' कोपऱ्यात वेळ होती, नऊ एक्केचाळीस.

भाऊंनी ती एका दमात वाचली. नानांनी चष्मा काढला, पुसला, लावला. भाऊ कप हातात धरून उभे राहिले.

"एक मिनिट उशीरच झाला मला," नाना म्हणाले.

भाऊंनी दीपकला खुर्ची खाली करायला सांगितले. ते त्याला जमेना, म्हणून नानांनीच केली आणि बसले.