साहेबरावचं बिनतारेचं बेट

साहेबराव माझा जुना दोस्त. मुदखेडात लाइनमन होता. मी जिलानी, पंपांच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग करून देतो, म्हणजे दोघांचंही पोट विजेवरच. आणि रिटायर झाल्यावर हा बाबा म्हणतो काय, "जिलान्या, जिथं तार म्हणून येणार न्हाई, तिथं राहायचंय मला."

डोकं फिरलं होतं त्याचं, दुसरं काय. तसं त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. लाइट गेली की लोक ह्याला जेवत्या ताटावरून उठवायचे. बंधाऱ्याचं पाणी फुगल्यावर गोदावरीत एका शेतकऱ्याच्या रानाचा उंचवटा तेवढा वर राहिला होता. नुसत्या बाभळी आणि दगड, चहूकडून पाणी. फंडाचा पैसा घालून ह्यानं तो घेतला. मी लई भांडलो. ऐकतो कुठला? पत्र्याची खोली ठोकली, चूल मांडली, उजेडाला सोलरचा दिवा टांगला आणि बायकोला म्हणाला, "चल."

सरजावहिनी म्हणाल्या, "तिथं बोलू कुणाशी, बगळ्यांशी? मी न्हाई येत."

मला घोर लागला तो वहिनींचा. साहेबराव खांबावर चढायच्या आधी घरी फोन करायचा, खाली आला की पुन्हा करायचा. तो दुसरा फोन येईस्तोवर वहिनी घास तोंडात घालायच्या नाहीत. नोकरी सुटली, पण ही रीत सुटली नाही. परगावी गेला तरी पोचल्याचा फोन आल्यावरच त्या जेवायच्या.

आणि हा शहाणा रुसून एकटाच बेटावर राहायला गेला, फोन मुद्दाम घरी टाकून.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दुकानात आल्या. तोंड सुकलेलं, हातात मोठी पिशवी. "जिलानीभाऊ, मला होडीनं तिकडं न्या."

होडी बेटाला लागली. साहेबराव काठाशी येऊन उभा राहिला. वहिनींनी त्याचा फोन त्याच्या हातात ठेवला.

"कालपासून उपाशी हाय मी. पोचलो म्हणून सांगितलं का तुम्ही?"

साहेबरावचे डोळे भरले. "पोचलो गं," तो कसाबसा म्हणाला.

वहिनींनी चुलीपाशी पिशवी सोडली. वर भाकरी होत्या, खाली त्यांच्या साड्या. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथं तुम्हाला ताटावरून कुणी उठवणार न्हाई."