‘ना’ म्हणणाऱ्यांच्या घरी

मतमोजणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीकाका तायडे मास्तरांच्या घरी चहाला जायचे. पक्ष जिंकलेला असो की आपटलेला, त्यात बदल नाही. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. तायडे मास्तर निवृत्त शिक्षक, बौद्ध समाजातले, आणि आयुष्यात एकदाही आमच्या पक्षाला मत न दिलेले. हे गावाला माहीत, काकांना माहीत आणि मास्तरही ते कधी लपवायचे नाहीत. तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा पहिला चहा तिथंच.

आमचा पक्ष जुन्या वळणाचा. देव-धर्म, रीतभात, वडीलधाऱ्यांचा मान, ही आमची भाषा. काका त्या पक्षात आले तेव्हा आमच्या पिंपळगाव राजा गावात पक्षाचा झेंडा लावायला दुसरा हात मिळत नव्हता. त्यांचा धंदा भाजीचा. मळ्यात पिकवायची आणि सायकलवर घालून दारोदार विकायची. त्यामुळे कोणत्या घरात किती माणसं, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा मुलगा पुण्याला लागला, सगळं त्यांना तोंडपाठ. माणूस तसा कर्मठ. चातुर्मासात कांद्याला शिवायचे नाहीत, एकादशीला पाण्यावर राहायचे.

आणि त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, की तरुणपणी ते मास्तरांच्या वस्तीत भाजी तोलून द्यायचे, पण पैसे खाली जमिनीवर ठेवायला लावायचे. वडील तसं करायचे म्हणून तेही करायचे. मग एका निवडणुकीत आमच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. दुसऱ्या दिवशी काका तोंड पाडून सायकल ढकलत चालले होते, तर मास्तरांनी ओट्यावरून हाक मारली, म्हणाले, या पुंजाजी, हरलेल्या माणसाला चहा पाजतो. काका म्हणायचे, “गजू, त्या कपाले हात लावाच्या आंधी मी मांगंपुढं पाह्यलं, कोनी पाहून तं नाही राह्यलं. घरी येऊन मी आंघोय नाही केली. थ्या दिवशी नाही केली, तं मंग कधीच नाही केली.” हे सांगताना ते खाली बघायचे. चाळीस वर्षांनंतरही खाली बघायचे.

मतदारयादी आली की काका ओट्यावर पोतं अंथरून बसत. प्रत्येक नावापुढं खूण. आपल्याला मत देणारा ‘हो’, न देणारा ‘ना’, आणि ज्याचं सांगता येत नाही त्याच्यापुढं कोरी जागा. आता कोणताही शहाणा कार्यकर्ता कोऱ्या जागांच्या मागं लागेल. काका ‘ना’वाल्यांच्या घरी जायचे. मी पक्षात नवा असताना विचारलं, काका, हे तर आपले नाहीतच, मग पाय कशाला मोडायचे? ते म्हणाले, “होवाल्याच्या घरी जाऊन काय करतं? तो चहा पाजते अन् गोड बोलते. ना म्हननारा मानूस तुले पक्षाची तब्येत सांगते.”

एकदा अशाच एका घरी मला घेऊन गेले. बाई कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या. कापसाच्या भावाबद्दल बोलल्या, खताबद्दल बोलल्या, आमच्या सरकारला चार शब्द सुनावले. मी तेव्हा भाषणाचा कोर्स केलेला गडी, लगेच मुद्देसूद उत्तर द्यायला लागलो. बाई उठून चुलीपाशी गेल्या. बाहेर आल्यावर काकांनी माझं मनगट धरलं. “तू आयकाले आला होता का आयकवाले?” एवढंच म्हणाले आणि पुढच्या दोन घरांत मला तोंड उघडू दिलं नाही.

गेल्या लोकसभेच्या आधी आमच्याकडं जिकडंतिकडं एकच विषय होता. आपल्यासारखा जुन्या विचारांचा पक्ष आता दिल्लीत पुन्हा येईल का? माझ्या खता-बियाण्यांच्या दुकानात बसून लोक देशाचं गणित मांडायचे. एक म्हणायचा, पोरं मोबाईलवर असतात, त्यांना रीतभात नको. दुसरा म्हणायचा, पोरांनाच ती जास्त हवी. काकांना विचारलं तर ते चिडायचे. “दिल्लीचं मले काऊन पुसतं बे? माह्या यादीतलं घर पूस.” पण एकदा खनपटीलाच बसलो तेव्हा म्हणाले, “येईन की. जुनं राखनाऱ्या पक्षाले लोकं पाह्यजेतच हायेत. पन जुनं राखाचं म्हंजे आधी मानसं राखा लागतेत. ते सोडलं तं काय राह्यलं, नुसता झेंडा.” मी हसलो होतो. म्हातारा माणूस, टीव्ही बघत नाही, ह्याला काय कळतं देशातलं, असं मनात आलं होतं. आलं होतं, नाही कशाला म्हणू.

त्या वर्षी पक्षानं मोबाईलवर ॲप दिलं. यादीतल्या प्रत्येक माणसाला घरी जाऊन भेटायचं आणि तिथंच उभं राहून नावापुढं नोंद करायची. मी पंधरा गावांचा प्रभारी होतो, आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी माझं नाव चर्चेत होतं. ज्याचं काम आधी पूर्ण, त्याचं नाव वर, असा हिशेब. पिंपळगावची घरं मी स्वतःकडं घेतली. काका म्हणाले, मी येतो संगं, सकाळी सकाळी उरकू. मी हो हो म्हणालो. पण आमच्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्ही पाहिलेलं नसेल. दुकानात कूलर लावून बसलो, यादी उघडली आणि अंगठ्यानं दाबत गेलो. भेट झाली, पाठिंबा आहे. भेट झाली, पाठिंबा आहे. अर्ध्या दिवसात अख्खं गाव भेटलो. वरून अभिनंदनाचा संदेश आला, तो मी बायकोला दाखवला.

त्या यादीत तायडे मास्तरांच्या पत्नीचं नाव होतं. वत्सलाबाई. त्या आधीच्याच थंडीत वारल्या होत्या. यादीतून नाव निघायचं राहिलं होतं. मी त्यांच्या अंत्यविधीला गेलो होतो, मास्तरांच्या शेजारी उभा होतो. आणि तरी माझ्या अंगठ्यानं नोंद केली, की वत्सलाबाईंना भेटलो, त्यांचा पाठिंबा आहे.

चार दिवसांनी मास्तरांना पक्षाच्या कॉल सेंटरवरून फोन आला. कोणी मुलगी गोड आवाजात म्हणाली, वत्सलाबाईंशी बोलायचंय, त्यांनी आमच्या कार्यकर्त्याला पाठिंब्याचा शब्द दिला त्याबद्दल आभार मानायचे आहेत. मास्तरांनी फोन ठेवून दिला. त्यांनी कुठं तक्रार केली नाही. फक्त काकांना सांगितलं.

काका दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग जे झालं ते हळू आवाजात सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “मास्तरकडे जाय. माफी माग. अन् यादी पुन्हा करू आपन, मी येतो.” मी मान हलवली. उद्या जातो म्हणालो. उद्या गेलो नाही, परवाही गेलो नाही. मास्तरांच्या डोळ्यांना डोळा द्यायची हिंमत नव्हती, आणि यादी पुन्हा करायची म्हणजे आधीची खोटी होती हे वर कबूल करणं आलं. मग तिकीट कसलं मिळतंय!

मग खामगावला आढावा बैठक झाली. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. मुंबईहून निरीक्षक आले होते. ते म्हणाले, देशात आपण येणारच आहोत, फक्त तुमच्या बूथवरून किती मोठ्यानं येणार एवढं सांगा. एकेक जण उठायचा, शंभर टक्के म्हणायचा, टाळ्या पडायच्या. आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा मी उठायच्या आत काका उठले.

“साहेब, आमचा बूथ या बारीले पडते. लोकं नाराज हायेत अन् आपन त्याईच्या दारात गेलोच नाही. आपल्या मोबाईलमंधी मेलेली बाई पाठिंबा देऊन राह्यली. देशात येनं न येनं तुमाले समजते. पन ज्या पक्षाले मेलेला अन् जिता मानूस वयखू येत नाही, त्यानं कितीक दिवस निवडून यावं?”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. बोट दाखवलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. निरीक्षकांनीच विचारलं, या गावाचं काम कोणाकडं आहे? मी उभा राहिलो. सगळ्या सभागृहाची तोंडं माझ्याकडं वळली. खरं बोलायला दोन वाक्यं पुरली असती.

मी म्हणालो, “साहेब, काकांचं वय झालंय. आणि त्यांची ऊठबस तायडे मास्तरांकडं जास्त असते. तिकडचं ऐकून येतात आणि इथं बोलतात.”

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, काका, तुमचं मत तरी आपल्यालाच आहे ना? परत हशा. जेव्हा आमच्या उमेदवाराजवळ जीपला डिझेल नसायचं तेव्हा ज्यानं सायकलवर बांधून पक्षाची पोस्टरं गावोगाव नेली, त्या माणसाला लोकांनी हे विचारलं, आणि विचारायची सोय मी करून दिली. निरीक्षक गोड माणूस. म्हणाले, ज्येष्ठांचा आम्हाला आदरच आहे, पण आता तरुणांना काम करू द्या, यादी त्यांच्याकडं सोपवा. काकांनी पिशवीतून त्यांची खुणा केलेली यादी काढली, ओळी सोडून खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि ती माझ्या हातात दिली. “घे,” म्हणाले. मी घेतली. परतीच्या जीपमध्ये ते पुढं बसले, मी मागं बसलो.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेरच्या आमच्या टेबलावर काका नव्हते. रांगेत उभे राहिले, मत दिलं, घरी गेले. दिल्लीत जे व्हायचं ते झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या बूथवर आम्ही पडलो. आणि ऐका, मला जिल्हा कार्यकारिणीत घेतलं. अहवाल वेळेवर भरल्याबद्दल!

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दुकानासमोर थांबले. धोतर, टोपी, वांग्यांची पिशवी. “चाल ना गजू,” म्हणाले, “मास्तरकडे जाऊ.” जसं काही झालंच नाही. मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे काका. दुकानात एक चिटपाखरू नव्हतं आणि ते त्यांना दिसत होतं. “बरं,” म्हणाले आणि एकटे गेले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, चारचौघांत कानाखाली ओढली असती, तर मी आज बरा माणूस असतो. पण ते शेवटपर्यंत माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले. तब्येत विचारायचे, मळ्यातली मेथी पाठवायचे. ती मेथी मी तशीच शेजाऱ्यांना देऊन टाकायचो.

पोळ्याच्या आधी काका गेले. मळ्यातच चक्कर आली, खामगावला नेईपर्यंत संपलं होतं. तायडे मास्तर खांदा द्यायला आले, त्यांच्या मागंच मी होतो. मास्तरांनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि सरकून मला जागा करून दिली.

तेराव्यानंतर मी काकूंकडं गेलो. ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं आणि पाय धरायचे. काकू चष्मा लावून पेपर वाचत होत्या. पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत रोज सगळा पेपर वाचतात. मला पाहून त्यांनी घडी घातली, पाणी आणलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

“त्या दिशी खामगाववरून आले अन् जेवले नाही. म्या म्हटलं, काय झालं, बरं नाही का? तं म्हने, काही नाही, आपला गजू सभेत लय चांगला बोलला, पोट भरलं माहं.” काकूंनी डोळ्याला पदर लावला. “काय बोलला होता रे बाबू तू? त्याईनं सांगतलंच नाही. तू तरी सांग मले.”

मी काकूंकडं पाहिलं. भिंतीवर काकांचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. मी म्हणालो, काकांसारखा कार्यकर्ता पक्षात दुसरा नाही, असं बोललो होतो काकू. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी पाहिलं आणि त्यांनी केलेला चहाही पिऊन आलो.

आता पक्ष काकांवर स्मरणिका काढतोय. जुन्या निष्ठावंतांचा गौरव केला की पुढची निवडणूक सोपी जाते, असं वरच्यांचं मत आहे. मला दोन पानं लिहायला सांगितली, कारण काकांना मी सगळ्यात जवळून ओळखत होतो. ही ती पानं. छापतील असं वाटत नाही. पण ती पक्षाच्या कार्यालयात जायच्या आधी मी काकूंच्या हातात देणार आहे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तिथंच समोर बसून राहणार आहे.