मालकाला ओळखणारा साप

बाळकुमला आमच्या बिल्डिंगखाली एक गॅरेजवाला आहे. काहीही सांगताना 'लिहून घ्या' म्हणतो. टायरमागच्या पिंपात त्याने मांडूळ साप पाळलेला. रोज सकाळी हाताचं ग्रीस साबणाने काढायचा, तळवे चोळून गरम करायचा, मगच त्याला उचलायचा. पुढ्यात दुधाची बशी.

"काका, कसं गप पडतं बघा हातावर! मालकाला ओळखतं, लिहून घ्या."

"साप कुणाला ओळखत नाही रे. दूध त्याला पचत नाही. अंगात जीव उरला नाही, म्हणून पडून आहे. वनखात्याला फोन लाव."

"तुम्हाला काय कळतं?" तो चिडला.

मला कळतं. माझी बायको शेवटचा महिना अशीच माझ्या हातात हात टाकून पडलेली. येईल त्याला मी सांगायचो, मला ओळखते ती.

काल शेवटी त्याने फोन लावला. माणसं येऊन मांडूळ घेऊन गेली. तो रिकाम्या पिंपाशी तळवे चोळत उभा.

"काका, थोडं तरी ओळखत असेल ना?"

या वेळी लिहून घ्या म्हणाला नाही.

मी तोंडावर बोलणारा माणूस. पण म्हटलं, "ओळखत असेल रे," आणि जिना चढून घरी आलो.