आईचा ळ

आमच्या हिंदी दैनिकात पानं लावणारे एक मराठी गृहस्थ आहेत, मूळचे ग्वाल्हेरचे. मी प्रूफं तपासतो आणि ते माझ्या समोर बसतात. शिवाजी नगरातल्या एका लग्नाची पत्रिका पाहून ते म्हणाले, "एका कार्डावर चार फॉन्ट! यांचं काही जमायचं नाही." संपादकांनी मथळा आणखी मोठा मागितला की ते विचारतात, "साहब, पाठक बहरा है क्या?"

गेल्या वर्षी माझी आई गेली. ती शिक्षिका होती. आमचं 'पिंगळे' आडनाव जो 'पिंगले' लिहील, त्याच्याकडून ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायची. तिच्या निधनाची बातमी लावताना कळलं की मथळ्याच्या फॉन्टमध्ये ळच नाही. त्या जागी रिकामा चौकोन उमटत होता. मी घरी होतो. पुढचं मला ऑफिसातल्यांनी सांगितलं.

संपादक म्हणाले, "ल चला लो, कौन देखता है?"

"माताजी देखतीं," हे म्हणाले. मग मंत्र्यांच्या उद्घाटनाचं पान बाजूला सारून त्यांनी दुपारभर माउसने ळ काढला, पुसला, पुन्हा काढला. संपादक नुसते येरझारा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते बाग सेवनियाला आमच्या घरी आले. मला वाटलं, आता माझं सांत्वन करतील. पण ते आईच्या फोटोपुढे हात जोडून म्हणाले, "आई, माफ करा. ळचं उजवं पोट जरा फुगलंय."

भरल्या सुतकात मला हसू आवरेना. ते मात्र खरोखरच खजील झाले होते.