फॉन टाल्सबर्ग, कश्यप गोत्र

आज मी बाणगंगेवर, मध्याच्या बाराव्याला, गुरुजींवर ओरडलो.

लाज वाटत नाहीये. वैताग आलाय, तो इथे काढतो.

मधुकर फॉन टाल्सबर्ग. ठाकूरद्वारला आमच्या शेजारच्या खोलीत वाढला. गोरा वगैरे अजिबात नव्हता. भांडायचा मात्र अस्सल गिरगावकरासारखा.

शाळेत नवीन मास्तर हजेरी घेताना हमखास अडखळायचे. मग मध्या उभा राहायचा.
"सर, फॉन म्हणजे आपलं 'कर'. टाल्सबर्गकर समजा."

हे आडनाव मूळचं ऱ्हाईन नदीकाठच्या एका गढीचं. तिथला एक धाकटा मुलगा पार पूर्वेला, बाल्टिकच्या किनाऱ्यावर गेला आणि जमीनदार झाला. पुढे जमिनी गेल्या, 'फॉन' तेवढं राहिलं.

त्यांच्यातला फ्रीडरिख हॅम्बुर्गला मशिनचं काम शिकला आणि अठराशे नव्वदच्या दशकात परळच्या एका गिरणीत इंजिन बसवायला आला. माझगावच्या कोळ्यांच्या हिरूबाईशी त्यानं लग्न केलं. देवळात, हार घालून.

मग प्लेग आला.

फ्रीडरिखला ताप चढला, प्लेगच्या इस्पितळात नेलं. परत आलाच नाही. पुरला की जाळला, तेही कुणी सांगितलं नाही.

हिरूबाई पोटुशी होती. पोर दगडासारखं टिकावं म्हणून नाव ठेवलं धोंडू. आडनाव बापाचंच लावलं. भाऊ म्हणाले सोड ते, तिनं नाही सोडलं.

धोंडू फॉन टाल्सबर्ग!
हसा. मध्याही हसायचा. त्याचे आजोबा ते.

पण हसून झालं की चिडायचा. जर्मनीतल्या त्या घराण्याच्या मंडळाला त्यानं कितीदा मेल केले. उत्तर ठरलेलं: फ्रीडरिख मुंबईत अविवाहित वारला, ती शाखा संपली.

"अविवाहित? मग मी काय आभाळातून पडलो काय रे?"

आपले लोक तरी काय कमी? भाड्याचं घर बघायला गेला की पहिला प्रश्न, "तुम्ही नक्की कोण?" तिकडचे म्हणणार आमचा नाही, इकडचेही म्हणणार आमचा नाही. माझंच डोकं फिरायचं.

एकदा म्हटलं, बदलून टाक ना एकदाचं आडनाव.
म्हणाला, "मग तो फ्रीडरिख कुठे जाईल?"

दर सर्वपित्रीला मध्या बाणगंगेवर यायचा. वडील वसंत, आजोबा धोंडू, पणजोबा फ्रीडरिख. गोत्र ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांना कश्यप. पणजोबांचं नाव मुद्दाम मोठ्यानं घ्यायचा.

"त्याचं कुणी काही केलंच नाही रे," म्हणायचा.

आज मध्याची मुलगी जुई विधीला बसली होती. बाराव्याला सपिंडी असते. गेलेल्याचा पिंड त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात.

गुरुजींनी वसंत म्हटलं, धोंडू म्हटलं आणि थांबले.

"पुढचं नाव राहू दे. नुसतं पणजोबा म्हणू. परक्या धर्माचा माणूस, उगाच कशाला?"

तिथे माझा तोल सुटला.
"ज्या नावासाठी हा जन्मभर भांडला, तेच राहू दे म्हणता?"

जुईनं माझा हात धरला. "काका, थांबा." मग गुरुजींकडे बघून शांतपणे म्हणाली, "बाबा दरवर्षी घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

गुरुजींनी घेतलं. खोटं कशाला बोलू, व्यवस्थित घेतलं.

जुईनं मध्याच्या पिंडाचे तीन भाग केले आणि एकेक करून मिसळले. मला रडू आवरेना. वाटलं, जिंकलो आपण मध्या.

मग हात धुताधुता गुरुजी म्हणाले, "बाळ, बाबा आता पितरांत गेले. यापुढे तू तुझे बाबा, आजोबा, पणजोबा, म्हणजे मधुकर, वसंत, धोंडू एवढीच नावं घ्यायची. फ्रीडरिख यांचं आजचं शेवटचं."

जुई बघतच राहिली. "म्हणजे बाबा आले म्हणून ते गेले?"

"सगळ्यांच्याच घरात असं होतं, बाळ."

होत असेल. पण सगळ्यांचे पणजोबा एका माणसाच्या हट्टावर तग धरून नव्हते.

मध्या, तू होतास तोवर तो होता. आता कुणाशी भांडू, सांग. गुरुजींची चूक नाही, जुईची नाही, जर्मनांचीसुद्धा नाही.

एकाला पोहोचवायला गेलो होतो रे. दोघांना पोहोचवून आलो.

जा मध्या. सांभाळून जा.
फ्रीडरिख आजोबा, तुम्हालाही नमस्कार.