सकाळी नऊचं रविवारचं जेवण

बँकेतून निवृत्त झाल्यावर दौलतराव फणसे स्वयंपाक शिकले आणि दर रविवारी संध्याकाळी सगळ्या कुटुंबाला इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरी जेवू घालायचा नेम त्यांनी धरला. या मे महिन्यात मात्र तो मोडायच्या बेतात आला. त्यांची सून निधी नर्स होती. तिला दुपारपाळी लागली आणि रविवारीही सुटका नव्हती.

"बाबा, तुम्ही सगळे जेवून घ्या. माझ्यासाठी डब्यात ठेवा," ती म्हणाली.

रविवारी ती उठली तेव्हा घरभर फोडणीचा वास होता. ओट्याशी घामाघूम झालेले दौलतराव मंडीतून आणलेल्या कोवळ्या गिलकीची, म्हणजे घोसाळ्याची, भाजी परतत होते. भेंडीची कढी आणि कैरीची चटणी तयार होती. तेवढ्यात नणंद मधुरिमा जवळच्या महूहून मुलांना घेऊन, जांभया देतच आत आली.

"बाबा, सकाळी नऊला कोण डिनर करतं? अख्खं इंदूर आत्ता पोहे खातंय!"

"खाऊ दे ना बेटा," दौलतराव पोळी लाटत म्हणाले. "निधी आत्ता घरी आहे, मग जेवायची वेळ हीच."

निधीच्या मनात आलं, डबा भरून ठेवणं किती सोपं होतं! या माणसाने तिच्यासाठी सगळ्या घराची संध्याकाळ उचलून सकाळी आणली होती. तिने लाटणं मागितलं, पण त्यांनी तिला टेबलाशी बसवलं आणि पहिली गरम पोळी तिच्याच ताटात वाढली. मे संपेपर्यंत फणसे मंडळी रविवारी सकाळीच एकत्र जेवली.